हॅमॉकमधली थंडी पाठीकडून येते

डिसेंबर लागला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो पाच वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्याचा मथितार्थ असा: हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना टांगून झोपायची कापडी झोळी, जमिनीला टेकत नाही, त्यामुळे जमिनीचा गारठा लागत नाही, एक चांगली जाड स्लीपिंग बॅग घेतली की काम भागतं. तरी थंडी वाजलीच तर सगळे कपडे अंगावर चढवा, दोन घोट रम घ्या, हॅमॉकखाली निखारे ठेवा. आणि हे जमणार नसेल तर पंधरा-वीस हजारांची अंडरक्विल्ट नावाची परदेशी रजई घ्या, नाहीतर हिवाळ्यात हॅमॉकचा नाद सोडा.

हा मेसेज पहिल्यांदाच डोंगरात मुक्कामाला निघालेली कॉलेजची पोरं वाचतात, म्हणून एकेका मुद्द्यावर लिहितो.

जमीन टाळली की थंडी टळली, हा मेसेजचा पाया आहे आणि तोच कच्चा आहे. जमिनीवर पाठीची ऊब जमीन खेचून घेते हे खरं. पण हॅमॉकमध्ये पाठीखाली फक्त एक पातळ नायलॉनचं कापड असतं आणि त्याच्याखालून रात्रभर वारा वाहत असतो. अंगानं तापवलेली हवा तो सतत उडवून नेतो. बरं, स्लीपिंग बॅग ऊब धरते ती तिच्या फुगीरपणामुळे, आत अडकलेल्या हवेमुळे. आपण तिच्यावर झोपलो की पाठीखालचं भरण आपल्याच वजनानं चपटं होतं. मग बॅग कितीही जाड असो, खालच्या बाजूला ती एखाद्या चादरीइतकीच उरते. भंडारदऱ्याला तलावाच्या काठी मी हे पहिल्यांदा अनुभवलं. छातीवर घाम आणि कमरेखाली बर्फ, अशा अवस्थेत पहाटे तीनला उठून बसलो होतो. बॅग उत्तम होती, पण पाठीखाली काहीच नव्हतं.

आपल्या घरांत हे पूर्वापार माहीत आहे. तान्ह्या बाळासाठी साडीची झोळी बांधतात तेव्हा आजी आधी तळाला दुपटं नाहीतर गोधडीची घडी घालते, पांघरूण त्यानंतर.

आता खर्चाचं बघू. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी फोमची गुंडाळायची मॅट. पाचशे-सहाशे रुपयांत येते. तिच्यातली हवा बंद बुडबुड्यांत असते, त्यामुळे वजनाखाली ती फारशी दबत नाही. अडचण एवढीच की ती अरुंद असते आणि रात्री सरकते. दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर मॅट दोन थरांच्या मधे सरकवा. एकेरी असेल तर स्लीपिंग बॅगच्या आत घाला. खांदे बाहेर राहतात आणि तिथूनच हुडहुडी भरते, म्हणून जुन्या मॅटचा हातभर तुकडा कापून खांद्यांखाली आडवा टाका. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी फोमचा पडदाही या कामाला चालतो. आणि हॅमॉकमध्ये थोडं तिरकं झोपा, अंग सपाट राहतं, मॅटही जागेवर राहते.

अंडरक्विल्ट म्हणजे तरी काय? हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगलेली रजई. बाहेर असल्यामुळे ती आपल्या वजनानं चपटी होत नाही, सगळी करामत एवढीच. घरातलं फायबरचं जुनं कम्फर्टर घ्या, चारही कोपऱ्यांना नाड्या शिवा, त्यांना इलॅस्टिकची दोरी जोडा आणि हॅमॉकच्या दोन्ही टोकांना बांधा. ते कापडाला हलकेच चिकटलं पाहिजे. लोंबकळलं तर मधल्या फटीतून वारा शिरतो, फार ताणलं तर फुगीरपणा जातो. गाडी जवळ असेल, पाठीवर वाहायचं नसेल, तर गोधडीही चालते, फक्त सुती असल्यानं दव पिते, म्हणून वर ताडपत्री हवीच. घोंगडी त्या बाबतीत सरस. लोकर दमट झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. धनगर पावसापाण्यात ती उगाच खांद्यावर बाळगत नाहीत.

सगळे कपडे चढवण्याबद्दल थोडक्यात. चढणीवर घामानं भिजलेला सुती टी-शर्ट आधी काढा, कोरडे कपडे घाला. घट्ट मोज्यांवर मोजे चढवले तर रक्त नीट पोचत नाही, पाय उलट गार पडतात. राहिलेलं जाकीट अंगात कोंबण्यापेक्षा पाठीखाली किंवा पायांशी ठेवा.

रमचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं, म्हणून उबदार वाटतं. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता बाहेर जात असते. शिवाय अंग कुडकुडून स्वतःला तापवतं, ती क्रियाही मंदावते. त्यापेक्षा झोपण्याआधी शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-खोबरं खा आणि पाण्याची गरम बाटली जवळ घ्या. एक लिटर पाणी ९० अंशांवरून ३५ अंशांवर येताना ५५ किलोकॅलरी उष्णता देतं. एकेरी स्टीलची बाटली, वर मोजा चढवून, मांड्यांच्या मधे. थर्मास नको, तो ऊब बाहेर सोडतच नाही. कोल्ड्रिंकची बाटलीही नको, उकळत्या पाण्यानं ती वाकते.

हॅमॉकखाली निखारे कधीही ठेवू नका. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. चारही बाजूंनी ताडपत्री खाली ओढलेली असेल तर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. शिवाय हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा पट्टा अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथलं गवत वाळलेलं असतं. एक ठिणगी पुरते.

मेसेजमध्ये जागेबद्दल अवाक्षर नाही, हे मला सर्वात खटकलं. जागा निवडायला एक पैसा लागत नाही. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साठते. महाबळेश्वर गावात पारा शून्याच्या बराच वर असतानाही वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याला गवतावरचं दव गोठतं, ते यामुळेच. म्हणून तलावाचा काठ आणि ओढ्याचं पात्र सोडून थोडं वर, उताराच्या मध्यावर, दाट झाडांत हॅमॉक बांधा. डोक्यावर पानं असली की दवही कमी पडतं. माथ्यावर आणि खिंडीत वारा झोडपतो, तिथे नको. ताडपत्रीची कड वाऱ्याच्या बाजूला हॅमॉकच्या खालपर्यंत उतरवा.

आणि हे सगळं गडावर पहिल्यांदा करून बघू नका. जानेवारीतल्या एखाद्या रात्री गच्चीवर नाहीतर अंगणात हॅमॉक टांगा आणि झोपा. पाठ कुठे गार पडते ते पहाटेपर्यंत कळेल, आणि घर चार पावलांवर असेल.