‘पुट अप’ आणि कारकुनी इंग्रजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘पुट अप’वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यांत निकाल लावून टाकलात : ‘फाईल पुट अप करणे हे कारकुनी इंग्रजी आहे. व्हेअर डू यू पुट अप असं इंग्लंडात कोणी विचारत नाही. उच्चार देवनागरीत देणं हास्यास्पद आहे. खान्देशातली पोरं इंग्रजीत मागे का, ते असे लेख वाचून कळतं.’ लगेच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं.

आधी ‘कारकुनी’बद्दल. माझे वडील भुसावळला रेल्वेत कारकून होते, तेव्हा हा शब्द तुम्ही शिवीसारखा फेकलात तो मला कुठे लागला असेल ते समजून घ्या. मतभेद असू द्या हो, पण बोलायची काही रीत असते. साहेबानं कागदावर ‘प्लीज पुट अप’ लिहिलं की वडील आधीचा पत्रव्यवहार काढायचे, संबंधित नियम शोधायचे, त्यावर टिपणी लिहायचे, पत्राचा मसुदा जोडायचे आणि मग फाईल निर्णयासाठी वर पाठवायचे. दोन शब्दांत एवढं काम बसलेलं असायचं. मराठीत आपण त्याला ‘सादर करणे’ म्हणतो.

आणि हे काही भुसावळच्या कारकुनांनी घरी बसून रचलेलं नाही. प्रस्ताव विचारासाठी मांडणे हा ‘पुट अप’चा अर्थ साहेबाच्या देशातही चालतो, निवडणुकीला उमेदवार उभा करणे हाही. आपल्या कचेऱ्यांनी त्याच अर्थाला फाईल जोडली, इतकंच. भर घातली म्हणा, बिघडवलं कसं म्हणता?

कचेरीतला आणखी एक शेरा आहे : ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’, म्हणजे मागील कागदपत्रांसह सादर करावे. आता ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, एवढंच पाठ केलेल्या माणसाला हे वाचून वाटेल की साहेब जुने कागद सोसायला सांगतोय. सहन करण्याच्या अर्थात ‘विथ’ क्रियापदाला पक्कं चिकटलेलं असतं. ‘आय कान्ट पुट अप विथ इट’, यातला ‘इट’ शेवटीच येणार. शेऱ्यातला ‘विथ’ मात्र नुसता ‘सह’. फाईल सर्वनामानं सांगायची झाली तर ती मध्येच शिरते : ‘पुट इट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’. ‘पुट अप इट’ कुणी म्हणत नाही. हा फरक मी वर्गात वडिलांच्या शेऱ्यावरूनच शिकवत आलो, आणि अमळनेर-चोपड्याकडची माझी पोरं तो बरोबर लिहीत. मागे पडलेली ती हीच का?

राहता राहिलं ‘व्हेअर डू यू पुट अप’. इथे तुमचा एक मुद्दा घेतो. कायमचं घर कुठे, असं विचारायला हे वाक्य वापरू नये. ‘व्हेअर डू यू लिव्ह’ म्हणावं. लेखात मी ते ठळक करायला हवं होतं. पण सरायीत, खाणावळीत मुक्काम करणे हा ‘पुट अप’चा जुना, अस्सल इंग्रजी अर्थच आहे. आजही पाहुण्याला रात्रीपुरतं घरी ठेवून घेतलं की ‘वी पुट हिम अप’ म्हणतात. इंग्लंडात कोण काय विचारतं हे तुम्ही छातीठोक सांगता. तिथल्या कुठल्या सरायीत उतरला होतात, ते सांगितलंत तर आमच्याही ज्ञानात भर पडेल.

देवनागरी उच्चारांचं म्हणाल, तर माझा वाचक मोबाईलवर मराठी वाचणारा आहे. तुम्हाला हसू येत असेल तर येऊ द्या.

खान्देशाबद्दलच्या वाक्याला उत्तर देत नाही. साने गुरुजी ज्या अमळनेरात शिक्षक होते, तिथल्या पोरांची काळजी तुम्ही करू नका.

पुढचा लेख ‘पुट ऑफ’वर आहे. त्यातली उदाहरणंही रावेरच्या केळीची आणि कचेरीतल्या फायलींचीच असतील. चुका जरूर काढा, फक्त कुणाचा बाप काय करत होता ते आधी विचारून घ्या.