50 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे 50 व्होल्ट डीसी? नाही हो!

घरच्या सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) सर्व्हो ड्राइव्हसाठी (मोटर चालवणारं सर्किट) सप्लाय बनवताना सगळीकडे एकच सल्ला फिरतोय, 50 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर लावा, झाला 50 व्होल्ट डीसी. चूक आहे हे. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला आकडा आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) असतो आणि कपॅसिटर चार्ज होतो पीकला (लाटेच्या टोकाला), म्हणजे 50 गुणिले 1.414, ब्रिजमधले दोन व्होल्ट वजा करा तरी 68-69 येतात. त्यात लोड नसताना व्होल्टेज अजून चढतं, आणि मेन्स 10 टक्के वर गेला तर 75 च्या पुढेच.

आता ड्राइव्हची कमाल मर्यादा 80 व्होल्ट असेल तर उरलं काय? कारण खरी गंमत ब्रेक मारताना होते, मोटर जनरेटर बनते आणि ती एनर्जी परत बसवर (सप्लायच्या डीसी लाइनवर) येते, ब्रिज ती मेन्सला परत जाऊ देत नाही मग सगळा भार कपॅसिटरवर. 10,000 मायक्रोफॅरड 68 वरून 80 ला जायला जेमतेम 9 ज्यूल लागतात, जड टेबल जोरात थांबवलं की संपलं! म्हणून 80 च्या ड्राइव्हला मी 45 व्होल्टचीच सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची आउटपुट वाइंडिंग) घेईन, कपॅसिटर 100 व्होल्टचे, आणि उभा अ‍ॅक्सिस जड असेल तर ब्रेकिंग रेझिस्टरचं (जादा एनर्जी उष्णतेत घालवणारं) सर्किट पण.