‘पैसे घेऊन गाणाऱ्यांची कसली परंपरा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

जैसलमेरच्या मरु महोत्सवावरच्या माझ्या लेखाखाली आपण सविस्तर लिहिलंत, आभार. उत्सव सरकारी, गर्दी अफाट, उंटांचे हाल, जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत प्लास्टिक, असं बरंच आहे त्यात. पण शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. ‘पर्यटकांपुढे पैसे घेऊन गाणाऱ्यांची कसली परंपरा? कोकणातून चार दिवस फिरून आलेल्या बाईला हे कळायचं नाही.’

मत वेगळं असू द्या, पण ही बोलायची पद्धत झाली का? कणकवलीच्या बाजारात समोरासमोर भेटला असतात तर असं बोलला असतात? पडद्याआड बसलं की माणसाची जीभ सैल सुटते, हे मी इतकी वर्षं लिहिताना पुष्कळ पाहिलंय.

एक मान्य करते. महोत्सव पर्यटन खात्याचा आहे. माघ पौर्णिमेचा मुहूर्त असला तरी ‘मरुश्री’ किताबासाठी पुरुषाची निवड, साफा म्हणजे फेटा बांधायची चढाओढ, उंटांवरचा पोलो हे पर्यटकांसाठी आखलेले कार्यक्रम आहेत. तेवढं तुमचं खरं.

पण गाणारे? मांगणियार आणि लंगा हे राजस्थानातले गायक समाज पिढ्यान्‌पिढ्या गाण्यावरच जगत आले. मांगणियार स्वतः मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न निघालं की मांगणियार जाणार, गाणार, त्या घराण्याची वंशावळ म्हणणार आणि बिदागी घेणार. धान्य, जनावर, कपडा, रोकड, जे ठरलं असेल ते. ती बिदागी त्यांचा हक्क आहे. म्हणजे ज्या पैशाने परंपरा बाटते असं तुम्हाला वाटतं, त्याच देण्याघेण्यावर ही परंपरा उभी आहे. संस्थानं गेली, यजमानांचा हात आखडला, तेव्हा नवा श्रोता शोधणं भाग पडलं. लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारींनी १९६० साली लेखक विजयदान देथांबरोबर बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था उभी केली आणि पुढे या गायकांना गावाबाहेरचे मंच मिळवून दिले. हमीरा गावचे मांगणियार साकर खाँ कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवत. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मंचावर मानधन घेतलं म्हणून त्यांच्या गजाखालचा सूर खोटा ठरतो का?

आता ‘कोकणातल्या बाईला कळायचं नाही’ याबद्दल. माझे आजोबा दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांतल्या रात्रभराच्या लोकनाट्यात, मृदंग वाजवायचे. पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जायची, रात्रभर नाटक, पहाटे दहीकाला, आणि मग नाईट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन, हातात पडायची. ती मिळाली नाही तर घरात चूल कशी पेटायची ते आजीने मला सांगितलंय. आजोबा म्हणायचे, ‘देवाच्या दारात वाजवतंय, पण पोट माझ्याच अंगाक आसा.’ त्यांचा मृदंग कुणी बाजारू म्हटला असता तर त्या माणसाला आमच्या पडवीत पाऊल टाकू दिलं नसतं. सम इथं वाळूवर बसून कमायचा ऐकताना मला तेच घर आठवत होतं. म्हणून लेखात मी गायकांवर इतकं लिहिलं आणि उंटांच्या शर्यतीवर दोनच ओळी.

पिंगुळी तर तुमच्या-आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातली. तिथल्या ठाकर समाजाची चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आज टिकून आहेत त्या पाहणारे, पैसे देणारे लोक आहेत म्हणून. तिथल्याच परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पुढे पाठवले. तेव्हा कुणी विचारलं नाही की खेळाचे पैसे घेतात का. आपल्याकडच्या कलावंताला मानधन आणि वाळवंटातल्याला मात्र ‘बाजार’, हा दुजाभाव मला सहन होत नाही, आणि तो कोकणी माणसाकडून यावा याचं जास्त वाईट वाटतं.

उंट, प्लास्टिक, तंबूंचं भाडं वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. गर्दी नको असेल त्याने जाऊ नये, एवढंच.

पुढेही प्रतिक्रिया जरूर द्या. फक्त आधी मांगणियारांना बसून तासभर ऐका, आणि खाली स्वतःचं नाव घाला. पुन्हा ‘बाईला कळायचं नाही’ असं आलं तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.