वेटिंग किती आहे?

हॉटेल चांगलं की वाईट, हे पुणेकर बाहेर उभ्या असलेल्या माणसांवरून ठरवतो. आत काय शिजतंय, तेल कालचं की परवाचं, हे नंतरचे प्रश्न. दोन हॉटेलं शेजारी शेजारी असावीत. एकात पंखे फिरताहेत, टेबलं रिकामी, वाढपी दारात येऊन आशेनं रस्त्याकडे बघतोय. दुसऱ्याच्या बाहेर भर उन्हात फुटपाथवर चाळीस माणसं. पुणेकर त्या रिकाम्या हॉटेलकडे एकदा बघतो, "काहीतरी गडबड असणार," म्हणतो आणि शेजारी जाऊन एक्केचाळिसावा उभा राहतो.

मे महिन्यातल्या रविवारी हे दुखणं बळावतं, कारण तेव्हा आमरस-पुरीची थाळी असते. रस ‘अनलिमिटेड’, असं पाटीवर लिहिलेलं असतं.

आमचा मेहुणा नागपूरहून सहकुटुंब आला होता. घरी पलंगाखाली आढी घातलेली होती. मार्केट यार्डातून आणलेली पेटी गवतात नीट मांडलेली, आणि आई रोज सकाळी एकेक आंबा उचलून, हुंगून, "आज नाही, परवा," असा निकाल द्यायची. रसाला पायरी आणि चिरून खायला हापूस, यावर तिच्याकडे अपील चालत नाही. पण मेहुण्याचं परतीचं तिकीट होतं उद्याचं आणि आंबे होणार होते परवा. म्हणून बाहेर जायचं ठरलं. आईनं यायला साफ नकार दिला. "मे महिन्यात विकतचा रस? त्यापेक्षा मी पिठलं टाकते."

हॉटेल कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत. गाडी लावायला जागा शोधता शोधता आम्ही नळ स्टॉपपर्यंत गेलो, कारण जिथे जागा होती ती बाजू सम तारखेची निघाली आणि तारीख विषम. चालत परत आलो तर दाराशी टेबल, टेबलावर लांबडी वही, वहीला दोरीनं बांधलेलं बॉलपेन आणि वहीमागे एक काका. या काकांचा दरारा दाखल्याच्या खिडकीमागच्या माणसालाही लाभत नाही.

"नाव?"

"कुलकर्णी, सहा."

काकांनी वर बघितलं. वहीत आधीच चार कुलकर्णी होते आणि त्यातले दोन ‘सहा’ होते. त्यांनी थोडा विचार करून माझ्यापुढे ‘चष्मा’ असं लिहिलं. मी आजूबाजूला पाहिलं. फुटपाथवर चष्मा नसलेला माणूस शोधावा लागला असता.

"वेटिंग किती आहे?"

"पंधरा मिनिटं."

ही पंधरा मिनिटं घड्याळातली नव्हेत. आमच्यानंतर आलेल्यांना पंधरा मिनिटं सांगितली, आमच्या आधी येऊन उभ्या असलेल्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनाही पंधराच. मेहुण्याची पहिली पंधरा लगेचच संपली. "भाऊजी, आतले लोक जेवून राहिले का झोपून राहिले?"

उभं राहिलं की माणसं कळतात. एक आजोबा दर थोड्या वेळानं टेबलापाशी जाऊन वही उलटी वाचत होते आणि परत येऊन आपल्या घरच्यांना बातमी देत होते, "गोखले गेले. आता दाते, मग तो चष्मा, मग आपण." मीच तो चष्मा. तेव्हापासून ते कुटुंब माझ्याकडे जरा नाराजीनंच बघायला लागलं. दारातल्या बडीशेपेच्या वाटीवर आमच्या भाच्यानं आणि इतर मुलांनी मिळून जेवणाआधीच ताव मारला. काकांनी ती वाटी न बोलता उचलून गल्ल्याच्या आत ठेवली. शेजारच्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी ‘हिला’ हळूच सांगितलं, "आम्ही पलीकडच्या चौकातही नाव देऊन ठेवलंय. जिथे आधी लागेल तिथे." मेहुण्यानं हे ऐकलं आणि "पाण्याची बाटली आणतो," म्हणून तो बराच वेळ गायब झाला. परत आला तो बाटलीशिवाय.

रांगेचं गणित सगळ्यात आधी मांडलं ते एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं, १९०९ साली. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोन किती येतात आणि एकेक माणूस किती वेळ बोलतो, यावरून किती लाइनी लागतील हे त्याला काढायचं होतं. इंजिनिअरिंगला शिकलेल्यातलं माझ्या लक्षात राहिलंय ते एवढंच. या असल्या गणितात एक गोष्ट साधारण धरून चाललेली असते, की माणूस ताटकळला म्हणून जास्त वेळ बोलत नाही. अनलिमिटेड थाळीत हे गृहीतक पार कोलमडतं. जो जितका जास्त उभा राहिला, तो बसल्यावर तितका जास्त वेळ उठत नाही. उन्हात काढलेल्या वेळाची वसुली तो पुऱ्यांत करतो. त्यामुळे पुढचा आणखी ताटकळतो, आणि तो बसला की आणखीच चिवटपणे बसतो. सकाळी अकराला दोन कुटुंबांचं वेटिंग असेल तर दोन वाजता फुटपाथ का भरतो, याला रसाची चव कारण नाही. पण लांबून बघणाऱ्याला ते कसं कळणार? तो म्हणतो, काय गर्दी आहे बघा, म्हणजे चांगलंच असणार.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारत होतो, "कसा आहे रस?" प्रत्येक जण म्हणायचा, "छान आहे." पण म्हणताना आमच्याकडे कोणी बघायचं नाही. कोणी रुमाल शोधत असायचं, कोणी गाडीची किल्ली. मला तेव्हा वाटलं, पोट जड झालं असेल.

अखेर "कुलकर्णी सहा!" असा पुकारा झाला आणि तीन कुटुंबं उठली. "चष्मा!" काका ओरडले. कोणीच बसलं नाही. मग वहीवर बोट ठेवून वेळ तपासली गेली, तेव्हा कुठे आम्ही आत गेलो. मागून ते आजोबा म्हणाले, "लवकर आटपा हो."

ताट आलं. मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी, अळू. यातलं अळू खरंच उत्तम होतं, पण अळूसाठी कोण उभं राहतं? पुऱ्या फुगलेल्या. आणि मग वाढपी रस घेऊन आला. वाटी एवढीशी, की पुरीची चौघडी केल्याशिवाय आत बुडेना. रंग झकास. मी पहिला घास घेतला. गार. दुसरा घास, गोड. तिसऱ्याला मी आंबा शोधायला लागलो.

घरच्या रसात एखादी रेषा दाताखाली येते, एखादी गुठळी सापडते, कोयीला लागलेलं कोणाच्या वाट्याला येतं यावर भांडण होतं. या रसात भांडण्यासारखं काही नव्हतं. भिंतीला दुसरा हात मारायला पातळ केलेल्या डिस्टेंपरसारखा तो एकसारखा वाहत होता. बर्फगार ठेवण्यामागेही डोकं असतं. जीभ बधिर झाली की ती फारशा चौकश्या करत नाही.

"हापूस ना?" मी वाढप्याला विचारलं.

"हापूसच साहेब, हापूस." त्यानं विचारायच्या आतच वाटी पुन्हा भरली. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे कर्नाटकच्या आंब्यानं देवगडच्या पेटीत बसू नये अशी अपेक्षा आहे. पातेल्यात कोणी काय बसावं, यावर अजून कोणी देखरेख ठेवत नसावं.

टेबलावर कोणीच काही बोललं नाही. ‘ही’ माझ्याकडे बघत होती, मी मेहुण्याकडे, मेहुणा पुरीकडे. वहिनींनी "वेलदोडा जरा जास्त झालाय का?" एवढंच विचारलं आणि तेही अगदी हळू, पाहुणे म्हणून आल्याचं भान ठेवून. मेहुण्यानं मात्र चार वाट्या रिचवल्या. "पैसे देऊन राहिलो ना भाऊजी," तो म्हणाला आणि पाचवी मागितली.

तोवर आमच्या खुर्च्यांमागे आजोबांचं कुटुंब येऊन उभं राहिलं होतं. काकांनी त्यांना आत पाठवलं होतं, की ते आपणहून घुसले होते, देव जाणे. त्यांची नात आमच्या ताटातल्या पुऱ्या मोठ्यानं मोजत होती. आजोबांनी मेहुण्याच्या खांद्यावरून वाकून विचारलं, "अजून किती वेळ?"

"पंधरा मिनिटं," मेहुणा म्हणाला, आणि त्यानं मसालेभात मागवला.

बाहेर पडताना दारात नवी गर्दी होती. एक गृहस्थ पुढे झाले. "कसा आहे हो रस?" माझ्या मनात बरंच काही आलं. पण मागे वहीवाले काका उभे होते, समोर लहान लहान मुलं घेऊन ताटकळलेली माणसं होती, आणि आमची निम्मी दुपार या गल्लीत गेली होती. ती वाया गेली असं चारचौघांत सांगायचं म्हणजे जरा जिवावरच येतं. "छान आहे," मी गाडीची किल्ली शोधत म्हणालो.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि मेहुण्याचा फोन वाजला. पलीकडच्या चौकातून होता. त्यानं स्पीकर लावला.

"कुलकर्णी सहा ना? टेबल तयार आहे. पाच मिनिटांत आलात तर ठेवतो."

मेहुण्यानं फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "भाऊजी, तिथं पायरी असंन का हो?"