‘यशस्वी’ म्हणून हरवलेली नावे

जुन्या प्रोग्रॅममधला फोटोंचा कॅटलॉग नव्या प्रोग्रॅममध्ये नेण्यासाठी सलग तीन रात्री संगणक चालू ठेवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी ‘स्थलांतर यशस्वीरीत्या पूर्ण झाले’ असा संदेश पडद्यावर आला. त्यावर विसंबून मी जुना संगणक भंगारात देणार होतो, हे आठवले तरी अंगावर काटा येतो. १,१२,००० छायाचित्रांच्या कॅटलॉगमधले काय आले आणि काय वाटेत सांडले, याबद्दल त्या संदेशात अवाक्षर नव्हते.

हा खटाटोप मी हौसेने केलेला नाही. जुना प्रोग्रॅम ३२-बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या संगणकांसाठी लिहिलेला, असल्यामुळे नव्या संगणकावर उघडतच नाही, आणि तो बनवणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडला आहे. फोटोंच्या फायली एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेणे कोणालाही जमते. कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच. फोटो कधीचा, कुठला, त्यात कोण आहे, तो कोणत्या अल्बममधला, ही सतरा वर्षे बसून भरलेली माहिती त्यात असते. ती जशीच्या तशी आणून देण्याचे आश्वासन नव्या प्रोग्रॅमच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत होते, आणि त्यासाठीच मी पैसे मोजले होते.

पहिला धक्का तारखांचा बसला. आईवडिलांच्या लग्नाचे, १९६४ सालचे, स्कॅन केलेले फोटो काही केल्या सापडेनात. अखेरीस सापडले तेव्हा ते सगळे १ जानेवारी १९७० रोजी पहाटे साडेपाचला काढलेले म्हणून नोंदले गेले होते. अनेक प्रणालींमध्ये काळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात. त्याआधीची तारीख उणे आकड्यात जाते. या प्रोग्रॅमने प्रत्येक उणे आकड्याचे सरळ शून्य केलेले दिसते, आणि ते शून्य भारतीय वेळेत पहाटे साडेपाचला येते. १९७० च्या आधीही माणसांची लग्ने होत होती आणि त्यांचे फोटो काढले जात होते, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे?

मग वेरूळचे फोटो उघडले. शहराच्या रकान्यात मी ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिले होते. तिथे आता ‘छत्रपती संभ’ एवढेच उरले आहे आणि पुढे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह आहे. फोटोसोबत माहिती साठवण्याच्या आयपीटीसी या जुन्या मानकात शहराच्या रकान्याला ३२ बाइट, म्हणजे साठवणीची ३२ छोटी घरे, मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे मात्रेला आणि अनुस्वारालाही, तीन बाइट लागतात. त्यामुळे दहा चिन्हांतच रकाना भरतो. ही मर्यादा नसलेले एक्सएमपी हे नवे मानक २००१ पासून उपलब्ध आहे. तरीही आमची गावांची नावे अक्षराच्या मधोमध कापली जातात, आणि कापताना साधी सूचनाही दिली जात नाही.

हेही एक वेळ मी सोसले असते. पण चेहऱ्यांची नावे गेली, तेव्हा मात्र माझा तोल सुटला. आत्या शेवटची दोन वर्षे आमच्याकडे होती. दुपारचा चहा झाला की ती माझ्या शेजारी बसायची, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याच्या अगदी जवळ जायची आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायची, “ही आमची धाकटी मावशी, आणि हा तिचा दीर.” मी त्या चेहऱ्याभोवती चौकट आखून नाव लिहीत असे. अशी सुमारे अडीच हजार नावे जमली होती. आत्या २०१९ साली गेली. आज आईवडिलांच्या त्याच लग्नातल्या एका फोटोत अकरा चेहऱ्यांभोवती अकरा रिकाम्या चौकटी आहेत आणि प्रत्येकीखाली ‘ही व्यक्ती कोण?’ असे विचारले आहे.

कंपनीला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याला दोन ओळींचे उत्तर आले: चेहऱ्यांची नावे आयात करण्याची सोय सध्या नाही, कृपया ती पुन्हा भरावीत. कोणाला विचारून भरू? आणि सोय नव्हती, तर ती नाही असे पैसे घेण्यापूर्वी का सांगितले नाही? काय येणार नाही याची चार ओळींची यादी पहिल्याच पडद्यावर दिली असती, तर मी थांबलो असतो.

सर्वांत संताप याचा येतो की ही नावे कुठे कुलूपबंद नव्हती. जुन्या कॅटलॉगची माहिती ठेवणारा डेटाबेस एसक्यूलाइट या खुल्या प्रकारचा आहे. भाच्याने तो एका संध्याकाळी उघडून दाखवला. त्यात एक साधा तक्ता आहे: फोटोचा क्रमांक, चौकटीचे चार आकडे आणि नाव. सगळी नावे जागच्या जागी आहेत. कोणी वाचायची तसदीच घेतली नव्हती.

त्या तक्त्यावरून मी आता रोज रात्री चाळीस-पन्नास नावे हाताने भरतो आहे. जुना संगणक टेबलावरच आहे, आणि शेवटचे नाव भरून होईपर्यंत त्याला घरात कोणी हात लावायचा नाही, असे सर्वांना बजावले आहे.