आधी प्रूफ, मग शाल-श्रीफळ
स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी सगळा जोर प्रकाशन समारंभ आणि रील्सवर लावावा, असं एका लेखात वाचलं. पटलं नाही. मी परभणीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावायचं काम करतो. घोळ त्याच्या कितीतरी आधी होतो. लेखक मोबाईलवर युनिकोडात टाइप करून पाठवतात. ते श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये घेताना रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, 'सूर्य'चा 'सूय' होतो. प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मात्र मोबाईलवरच वरवर बघून 'ओके, छापा!' पाहुण्यांची तारीख आधीच घेतलेली, मग थांबतंय कोण? शेवटचं प्रूफ कागदावर काढा अन् दुसऱ्याकडून वाचून घ्या, बस्स.

पुस्तक काढून देणारे काही जण 'पॅकेज'मध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे वेगळे पैसे लावतात. अहो, सरकारची राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सी तो फुकट देते, लेखकाला स्वतःच्या नावावरसुद्धा!

विक्रीचं म्हणाल तर छापील किमतीतून दुकानदाराचं कमिशन अन् कुरिअर वजा करून बघा, मगच हजार प्रतींची ऑर्डर द्या. डिजिटल छपाईत शे-दीडशे प्रतीही निघतात. समारंभात निम्म्या प्रती 'सप्रेम भेट' म्हणून वाटल्या, तर त्याच गावात विकत घेणार कोण?