सायकल ट्रॅक सापडल्यास कळवावे

पुण्यात सायकल ट्रॅकवरून सायकल चालवायची इच्छा झाली असेल, तर आधी अभिनंदन. बहुतेकांना ती पहिल्या पावसानंतरच्या रविवारी होते आणि भजी खाल्ली की उतरते. तुमची सोमवारपर्यंत टिकली असेल तरच पुढचं वाचा.

पहिलं काम ट्रॅक ओळखण्याचं. शहराचा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झालाय. तो घरीच बघा. नकाशावर रेषा सलग असते, मनाला बरं वाटतं. रस्त्यावर मात्र फांदीआड निळ्या गोलातली पांढरी सायकल दिसली, तर ट्रॅक इथे होता किंवा होणार आहे एवढंच समजा आणि खाली बघा. लाल पेव्हर ब्लॉक म्हणजे ट्रॅक, राखाडी म्हणजे फुटपाथ. दोन्हींची खिचडी दिसली तर मध्ये कोणीतरी केबल टाकून गेलंय. ब्लॉक हाताला लागले तसे परत बसवलेत. तिथे खालची वाळू दबलेली असते, त्यामुळे ब्लॉक डुलतात. सीटवरून किंचित उठून, कोपर सैल ठेवून जा.

निघण्यापूर्वी टेप घेऊन हँडल मोजा. थट्टा नाही. ट्रॅकच्या तोंडाशी खांब असतात ते दुचाकी अडवायला. स्कूटर रुंदीला साधारण ७० सेंटिमीटर आणि एमटीबीचं (माउंटन बाइकचं) हँडलही ६८ ते ७६ सेंटिमीटर, म्हणजे जी फट तिला अडवते तीच तुम्हालाही. घाबरू नका. एक खांब कायम उपटलेला असतो. स्कूटर कुठून आत शिरते ते पाहा आणि तिच्या मागोमाग जा.

टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद घ्या. २५ चा बारीक टायर पावसाळी गटाराच्या जाळीत सुबक बसतो, कारण जाळीचे गज नेमके तुमच्या जाण्याच्या दिशेने लावलेले असतात. जाळी आडवी किंवा निदान तिरकी ओलांडा. ३८ च्या टायरमध्ये ५० पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. हवा कमी असेल तर कर्बच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. घमेल्यातल्या पाण्यात पहिला बुडबुडा दिसला की पंक्चरवाला खूश होऊन ट्यूब बाहेर काढतो. त्याला दुसरं भोकही शोधायला लावा, नाहीतर पुढच्या चौकात पुन्हा भेट आहेच. एकच भोक असेल तर टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. खिळा अजून तिथेच वाट बघत असतो.

पावसात रंगवलेल्या पट्ट्यावर आणि चेंबरच्या झाकणावर ब्रेक दाबू नका. ट्रॅकवरची सायकल पट्ट्यांच्याच रंगाने काढलेली असते, तेव्हा तिच्यावरून जाताना विशेष काळजी घ्या.

वाटेत डीपीचा डबा, बसथांबा, गुलमोहर आणि कोणाची तरी कार हे कायमचे रहिवासी भेटतील. कारच्या दारापासून मीटरभर लांब राहा. ट्रॅकवर मीटरभर जागा उरत नसेल तर उतरून ढकला; सायकल हातात घेतली की तुम्ही पादचारी, आणि पादचाऱ्याला इथे कसले हक्क असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

चौक जवळ आला की, म्हणजे ट्रॅकची खरी गरज पडते तिथेच, तो १५ सेंटिमीटरची उडी मारून संपतो. उतार शोधण्यात वेळ घालवू नका. उतरा, सायकल खांद्यावर घ्या आणि समोरच्या पाणीपुरीवाल्याला विचारा, ट्रॅक पुढे कुठे गेला? तो पुरी फोडता फोडता मानेनेच दाखवेल, "पलीकडे." मध्ये सहा पदरी रस्ता आहे आणि सिग्नल बंद. एक प्लेट घ्याच, तिखट.